बेचाळीस मीटरवरच्या उषाबेन

आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागात दरवर्षी थोर व्यक्तींवर एक-दोन लेख असतातच. शिवाजी महाराज, डॉ. बाबासाहेब, आपल्या मराठवाड्याचे स्वामी रामानंद तीर्थ, डॉ. कलाम. या वेळी मी ज्यांच्यावर लिहिते आहे त्यांनी इंजिनिअरिंग केलेलं नव्हतं. त्यांचा विषय होता तत्त्वज्ञान. तरीसुद्धा ई अँड टीसीच्या प्रत्येक लॅबमध्ये मार्कोनी आणि जगदीशचंद्र बोस यांच्या शेजारी त्यांचाही एक फोटो असायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांचं नाव उषा मेहता. सगळे त्यांना उषाबेन म्हणत.

तुमच्यापैकी काही जणांनी २०२४ मध्ये आलेला 'ऐ वतन मेरे वतन' हा सिनेमा मोबाईलवर पाहिला असेल. सारा अली खानने त्यात उषाबेनचं काम केलंय. पण सिनेमा म्हटलं की मसाला आला, प्रेमप्रकरण आलं. खऱ्या उषाबेनची गोष्ट मसाल्याशिवायच इतकी जबरदस्त आहे की काय सांगू!

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. बेचाळीसची चळवळ आम्हाला इंग्रजीतून होती आणि पाच मार्कांच्या प्रश्नापुरती होती. त्यामुळे उषाबेन मला इतिहासाच्या पुस्तकात भेटल्या नाहीत, त्या भेटल्या एका आकड्यातून. तो आकडा म्हणजे ४२.३४ मीटर.

झालं असं की आमचे एक सीनियर हॅम आहेत. हॅम म्हणजे परवाना असलेला हौशी रेडिओवाला. सरकारची परीक्षा द्यायची, दूरसंचार विभागाचा परवाना घ्यायचा आणि मग स्वतःच्या सेटवरून जगभरातल्या दुसऱ्या हॅमशी बोलायचं. यात इंटरनेट नाही, सिमकार्ड नाही, टॉवर नाही, रिचार्ज तर नाहीच नाही. एका रविवारी सकाळी हे सीनियर नांदेडच्या एका सार्वजनिक बागेत आपला छोटा सेट आणि बॅटरी घेऊन आले, आणि आम्ही चौघं-पाच जण बघायला गेलो. (मी अर्धापूरची. आमच्याकडे बाग म्हटलं की केळीचीच बाग डोळ्यासमोर येते, पण ही घसरगुंडी आणि झोपाळेवाली बाग होती.) दोन झाडांच्या मधे वायर ताणली, मधोमध केबल जोडली, बस्स. फिरायला आलेले आजोबा थांबले, पोरं झोपाळे सोडून जमली, वॉचमन काकांनी दोनदा येऊन चौकशी केली. आणि थोड्या वेळाने त्या खरखरीतून मुंबईचा एक माणूस बोलायला लागला! नांदेड ते मुंबई सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटर तरी असेल. मधे ना वायर ना टॉवर. लहर आकाशात आयनांच्या थरापर्यंत गेली, तिथून वाकून खाली आली.

ते ज्या पट्ट्यात बोलत होते त्याला हॅम लोक ४० मीटर बँड म्हणतात. सीनियर म्हणाले की १९४२ साली मुंबईत एक गुप्त रेडिओ याच्या जवळपास चालायचा, ४२.३४ मीटरवर. मी रात्री होस्टेलवर येऊन आकडेमोड केली. ३०० भागिले तरंगलांबी म्हणजे मेगाहर्ट्झ. ३०० भागिले ४२.३४, उत्तर आलं साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. आज भारतातल्या हॅमना ७.० ते ७.२ हा पट्टा आहे. म्हणजे जवळपास नव्हे, नेमकी त्याच पट्ट्यात उषाबेनची लहर होती. मग मात्र मला चैन पडेना. लायब्ररीत जे मिळालं ते वाचून काढलं, आणि त्यातून हा लेख तयार झाला.

उषाबेनचा जन्म २५ मार्च १९२० चा, गुजरातमध्ये सुरतजवळच्या सरस गावचा. वडील इंग्रज सरकारच्या नोकरीत न्यायाधीश. म्हणजे घरात पगार येतो तो इंग्रजांचा, आणि मुलीच्या डोक्यात मात्र गांधीजी. पाचएक वर्षांची असताना तिने अहमदाबादला गांधीजींना पहिल्यांदा पाहिलं. पुढे त्यांचं गावाजवळ शिबिर झालं, त्यात तिने थोडी सूतकताई केली. १९२८ साली सायमन कमिशनच्या विरोधात मोर्चे निघाले, तेव्हा ही आठ वर्षांची पोरगी त्यात घोषणा देत होती. आपण आठव्या वर्षी काय करत होतो ते ज्याने त्याने आठवावं!

त्या काळातला एक प्रसंग फार छान आहे. मुलांच्या मोर्च्यावर पोलिसांनी लाठी चालवली आणि झेंडा धरलेली एक मुलगी झेंड्यासकट खाली पडली. मुलांना मार लागल्याचं दुःख कमी, झेंडा पडल्याचं जास्त. मग त्यांनी युक्ती काढली. झेंड्याच्या तीन रंगांचे कपडेच शिवून घेतले आणि ते घालून पुन्हा रस्त्यावर आले. आता हातातला झेंडा हिसकावता येईल, अंगावरचा कसा पाडणार? मला तर हे इंजिनिअरिंगचंच डोकं वाटतं. अडचण कुठे आहे ते बघायचं आणि डिझाईन बदलायचं.

वडील न्यायाधीश असल्यामुळे त्यांचा या सगळ्याला पाठिंबा नव्हता. १९३० मध्ये ते निवृत्त झाले आणि १९३२ मध्ये कुटुंब मुंबईला आलं. मग उषाबेनला मोकळीक मिळाली. गुप्त पत्रकं वाटणं, तुरुंगातल्या लोकांना निरोप पोचवणं अशी कामं त्या शाळेत असतानाच करायला लागल्या. कपडे खादीचे, राहणी साधी, लग्न न करण्याचा निर्णय. गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजातून त्यांनी १९३९ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन पदवी मिळवली आणि मग कायद्याचा अभ्यास सुरू केला.

आणि १९४२ आलं.

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'चले जाव'चा ठराव झाला. ९ ऑगस्टच्या पहाटेच गांधीजी, नेहरू, पटेल, सगळे बडे नेते पकडले गेले. वर्तमानपत्रांवर निर्बंध. आता विचार करा, चळवळ तर सुरू झाली, पण पुढे काय करायचं हे सांगणारं कोणी बाहेर नाही, आणि कुठे काय घडतंय हे छापायची सोय नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर सरकारने ट्रान्समीटर पण बंद केला आणि चॅनेल पण. त्या वेळी रेडिओ म्हणजे सरकारी रेडिओ, आणि सरकारी रेडिओवर सरकारला हवं तेच.

उषाबेन तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठ्या, म्हणजे आपल्याकडचे फायनल इयरवाले! त्यांनी अभ्यास सोडला आणि काही मित्रांबरोबर ठरवलं की आपला स्वतःचा रेडिओ काढायचा. बाबूभाई खाखर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी हे मुख्य साथीदार. पैशाचा प्रश्न होताच. नात्यातल्या एका व्यक्तीने आपले दागिने देऊ केले, पण ते घ्यायला उषाबेनचं मन होईना. शेवटी बाबूभाईंनी पैशाची व्यवस्था केली. शिकागो रेडिओ ही तेव्हाची प्रसिद्ध कंपनी, काँग्रेसच्या अधिवेशनांना लाऊडस्पीकर पुरवणारी. तिचे नानक मोटवानी यांनी सामान आणि तंत्रज्ञ यांची मदत केली.

पण ट्रान्समीटर बनवणार कोण? हा प्रश्न आपल्या ब्रँचचा आहे, म्हणून जरा थांबून सांगते. १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं तसे सरकारने हौशी रेडिओचे सगळे परवाने रद्द केले आणि सेट जमा करायला सांगितले. कारण उघड आहे, शत्रूला बातम्या जातील ही भीती. मुंबईत नरिमन प्रिंटर नावाचे एक गृहस्थ होते. परवाना असलेले हौशी रेडिओवाले, रेडिओचं तंत्र शिकवणारी संस्था चालवणारे, हुशार माणूस. त्यांनी सुट्या भागांमधून ट्रान्समीटर उभा करून दिला. म्हणजे बघा, काँग्रेस रेडिओ हा पायापासूनच एका हॅमच्या ज्ञानावर उभा होता.

२७ ऑगस्ट १९४२ ला चौपाटीवरच्या सी व्ह्यू इमारतीतून पहिलं प्रसारण झालं. ४२.३४ मीटरवर, भारतात कुठून तरी बोलत असल्याची घोषणा करून. ती घोषणा करणारा आवाज उषाबेनचा होता. सुरुवातीला 'हिंदुस्ताँ हमारा' हे गाणं, मग बातम्या, भाषणं, सूचना, आणि शेवटी वंदे मातरम्. हिंदी आणि इंग्रजी, दोन्ही भाषा. डॉ. राममनोहर लोहिया भूमिगत होते, ते या रेडिओचे मोठे आधार झाले. आपल्या अहमदनगरचे (आता अहिल्यानगर) अच्युतराव पटवर्धन हेही त्या भूमिगत मंडळींमध्ये होते. देशभरातून माणसं निरोप घेऊन मुंबईत येत आणि त्याच्या बातम्या होत.

या बातम्या कुठल्या होत्या? चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, बलियाचा उठाव. आणि आपल्या महाराष्ट्रातल्या दोन गावांच्या: चिमूर आणि आष्टी. ऑगस्ट १९४२ मध्ये विदर्भातल्या या दोन गावांत लोकांनी उठाव केला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, आणि नंतर चिमूरमध्ये जे अत्याचार झाले ते वर्तमानपत्रांना छापता येत नव्हते. ते काँग्रेस रेडिओने सांगितले. मला वाटतं त्या ट्रान्समीटरची खरी किंमत इथे कळते. किती वॅट होते, किती लांब गेला हा हिशोब नंतरचा. ज्या गावाचं दुःख कोणी छापायला तयार नाही ते दुःख बेचाळीस मीटरवर बोललं गेलं.

आमचं अर्धापूर तर तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. आपल्याला १५ ऑगस्ट नाही, १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. म्हणून मला हे जरा जास्तच लागलं. आवाज दाबलेला प्रदेश म्हणजे काय हे मराठवाड्याच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

आता थोडं टेक्निकल, कंटाळू नका! गुप्त रेडिओची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे तो गुप्त राहूच शकत नाही. बोललात की लहर चारी दिशांना जाणार, आणि ती जशी श्रोत्याला मिळते तशीच पोलिसालाही. पोलिसांकडे दिशा शोधणाऱ्या गाड्या होत्या. लूप अँटेना फिरवत नेला की एका विशिष्ट दिशेला आवाज पडतो, त्यावरून लहर कुठून येते ती रेषा नकाशावर काढायची. मग दुसऱ्या जागी जाऊन तेच करायचं. दोन रेषा छेदल्या की सापडलं ठिकाण. आज हॅम लोक याचा खेळ खेळतात, त्याला फॉक्स हंटिंग म्हणतात. लपवलेला छोटा ट्रान्समीटर शोधून काढायचा. बेचाळीसमध्ये हाच खेळ चालला होता, फक्त हरणाऱ्याला तुरुंग होता.

यावर उपाय दोनच. थोडा वेळ बोला, आणि जागा बदला. काँग्रेस रेडिओने तेच केलं. सी व्ह्यूनंतर वाळकेश्वर रोडचं रतन महल, लॅबर्नम रोडचं अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडचं लक्ष्मी भवन, गिरगावातली पारेख वाडी आणि शेवटी महालक्ष्मीचा पॅरडाइज बंगला. पुढे त्यांनी आणखी एक शहाणपण केलं. कार्यक्रम एका ठिकाणी तबकडीवर रेकॉर्ड करायचे आणि प्रसारण दुसऱ्या ठिकाणाहून करायचं. एक जागा सापडली तरी सगळी माणसं एकदम सापडू नयेत म्हणून.

बागेत बघितलेला तो सेट एका सॅकमध्ये मावत होता. बेचाळीसमधले व्हॉल्व्हचे सेट मात्र जड, तापणारे, ट्रान्सफॉर्मरचं ओझं असलेले. ७.०८ मेगाहर्ट्झला साधा हाफ-वेव्ह डायपोल लावायचा म्हटलं तर जवळपास वीस मीटर वायर लागते. ही यंत्रं भर शहरात, शेजाऱ्यांच्या डोळ्यांसमोरून, एका भाड्याच्या घरातून दुसऱ्या घरात न्यायची. आपण होस्टेलची रूम बदलताना नुसती गादी आणि पुस्तकं नेतो तरी सगळ्या विंगला कळतं!

असं २७ ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरपर्यंत चाललं. मोजले तर ७८ दिवस भरतात.

१२ नोव्हेंबर १९४२. त्या दिवशी पोलिसांनी आधी बाबूभाईंच्या ऑफिसवर छापा घातला. उषाबेन तिथून निसटल्या. आता त्यांना सरळ सरळ दोन रस्ते होते. एक म्हणजे मुंबईतून गायब होणं. दुसरा, संध्याकाळी ठरलेल्या वेळी पॅरडाइज बंगल्यात जाऊन कार्यक्रम लावणं. धोका पूर्ण माहीत असताना त्या दुसऱ्या रस्त्याने गेल्या. चंद्रकांत झवेरी बरोबर होते. कार्यक्रम झाला. शेवटी वंदे मातरम्ची तबकडी लागली आणि बाहेर दारावर घाव पडायला लागले. पोलीस एकामागून एक दारं फोडत आत आले, रेकॉर्ड बंद करायचा हुकूम दिला. दोघांनी तो मानला नाही. गाणं संपेपर्यंत ते तसेच उभे राहिले.

पोलिसांना हे ठिकाण कसं कळलं? दिशा शोधणाऱ्या गाड्या बऱ्याच दिवस मागावर होत्या, पण बंगल्याचं दार दाखवलं ते माणसाने. प्रिंटर पोलिसांच्या हाती लागले होते. ज्यांनी ट्रान्समीटर बनवला त्यांनीच पत्ता दिला आणि पुढे ते खटल्यात सरकारतर्फे माफीचे साक्षीदार झाले.

मित्रांनो, मी हा भाग दोन-तीनदा वाचला. आपण सगळे प्रिंटरच्या बाजूचे लोक आहोत. म्हणजे स्वभावाने नाही, शिक्षणाने. सर्किट आपल्याला कळतं, लहर कशी जाते ते आपल्याला कळतं. त्या सगळ्या गटात रेडिओ सगळ्यात जास्त ज्याला कळत होता तोच फुटला, आणि तत्त्वज्ञान शिकलेली मुलगी उभी राहिली. प्रिंटरना नावं ठेवणं सोपं आहे. पोलीस कोठडीत आपलं काय झालं असतं हे इथे पंख्याखाली बसून कोणी छातीठोकपणे सांगू नये. पण एवढं खरं की त्यांची विद्या पक्की होती आणि तरी ती त्यांना पुरली नाही. हे वाक्य मी मुद्दाम आपल्यासाठी लिहिते आहे. आपल्या मार्कशीटवर सगळे विषय असतात, पण प्रसंग आला तर कोणाची बाजू सोडायची नाही हा विषय कुठल्याच सेमिस्टरला नसतो.

अटकेनंतर सहा महिने उषाबेनची चौकशी चालली. एकांतवासात ठेवलं. चळवळीतल्या लोकांची नावं सांगितली तर शिकायला परदेशी पाठवू असं आमिषही दाखवलं. आजच्या भाषेत सांगायचं तर फुल स्कॉलरशिपसकट फॉरेनची अॅडमिशन! त्या काहीच बोलल्या नाहीत. कोर्टात उभं केलं तेव्हा त्यांनी न्यायाधीशांना विचारलं की मला उत्तरं देणं बंधनकारक आहे का. नाही असं कळल्यावर त्यांनी एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, स्वतःला वाचवण्यासाठीसुद्धा नाही. कायद्याचा अभ्यास अर्धवट राहिला होता, पण तेवढा तरी कामाला आला म्हणायचा.

मला यातली गंमत अशी वाटते की जिच्या आवाजासाठी एवढा खटाटोप झाला, तिचं सगळ्यात मोठं काम म्हणजे तिची चुप्पी. ७८ दिवस बोलायची हिंमत एक, आणि सहा महिने न बोलायची हिंमत दुसरी. दुसरी जास्त अवघड असावी.

पाच जणांवर खटला चालला. उषाबेन, बाबूभाई आणि चंद्रकांत यांना शिक्षा झाली, विठ्ठलदास झवेरी आणि नानक मोटवानी सुटले. उषाबेनना चार वर्षांची कैद मिळाली. त्या पुण्याच्या येरवडा तुरुंगात होत्या. तिथे तब्येत इतकी बिघडली की मुंबईला जे. जे. हॉस्पिटलमध्ये उपचारांसाठी आणावं लागलं, आणि बरं वाटल्यावर परत तुरुंगात. १९४६ मध्ये सुटका झाली. आणि १५ ऑगस्ट १९४७ ला, ज्या दिवसासाठी हे सगळं केलं त्या दिवशी, उषाबेन आजारपणामुळे अंथरुणावर होत्या. दिल्लीच्या सोहळ्याला त्यांना जाता आलं नाही.

एक गोष्ट अजून सांगायची राहिली. त्या ७८ दिवसांत काय काय प्रसारित झालं हे आज आपल्याला कसं माहीत? उषाबेनच्या गटाला कागद जपून ठेवणं शक्य नव्हतं. पण सरकारची माणसं रोज रेडिओला कान लावून ऐकत होती आणि शब्द न् शब्द उतरवून घेत होती, खटल्यात पुरावा म्हणून. तोच पुरावा आता इतिहासाचं साधन झालाय. ज्यांनी तो आवाज बंद केला त्यांच्याच फायलींमध्ये तो शिल्लक राहिला.

स्वातंत्र्यानंतर उषाबेननी पुन्हा अभ्यास हातात घेतला. गांधीजींच्या राजकीय आणि सामाजिक विचारांवर मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. ज्या विल्सन कॉलेजात शिकल्या तिथेच अनेक वर्षं शिकवलं, आणि मग विद्यापीठात नागरिकशास्त्र आणि राज्यशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. १९८० मध्ये निवृत्त झाल्या. पुढे मणिभवन या गांधी संग्रहालयाचं काम पाहिलं. मुंबईचा नकाशा काढून बघा. विल्सन कॉलेज, सी व्ह्यूची चौपाटी, गवालिया टँक आणि मणिभवन एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. मणिभवन तर लॅबर्नम रोडलाच, जिथे अजित व्हिलामधून एकदा त्यांचा रेडिओ बोलला होता. इतकं मोठं आयुष्य केवढ्याशा जागेत जगून दाखवलं!

पहाटे उठायचं, खादी नेसायची, प्रवास बसने करायचा, असं त्यांचं शेवटपर्यंत होतं. स्वातंत्र्यसैनिक म्हणून मोठी पदं, मोठी घरं मागणारे अनेक झाले, त्यांनी काही मागितलं नाही. १९९८ मध्ये सरकारने पद्मविभूषण दिलं. दरवर्षी ९ ऑगस्टला त्या क्रांती मैदानावर, म्हणजे पूर्वीच्या गवालिया टँकवर जात. २००० सालीही अंगात ताप असताना गेल्या. घरी आल्या आणि दोन दिवसांनी, ११ ऑगस्ट २००० ला गेल्या. वय ८० वर्षं.

आता एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल, माझ्याही आला. आजच्या हॅमना नियम कडक आहेत. परवान्याशिवाय बोलायचं नाही, गाणी लावायची नाहीत, लोकांसाठी बातम्या प्रसारित करायच्या नाहीत, राजकारण नाही. उषाबेननी त्याच पट्ट्यात नेमकं हे सगळं केलं. मग आपण कोणाचं अनुकरण करायचं? मी यावर बराच विचार केला. उषाबेननी ज्या सरकारचा कायदा मोडला ते सरकार लोकांनी निवडलेलं नव्हतं, आणि त्यांनी कायदा मोडला तो शिक्षा भोगायची तयारी ठेवून. पकडल्यावर पळवाटा शोधल्या नाहीत. आज लहर आपली आहे, नियम पण आपले आहेत. म्हणून आज त्यांचं नाव घेणाऱ्याने चोरून सेट वाजवण्यापेक्षा परीक्षा देऊन परवाना काढावा. तो परवाना कशासाठी कामाला येतो तेही आपल्या भागाने पाहिलंय. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मदतीला धावून आलेल्यांमध्ये हॅम मंडळीही होती. दूरवरच्या गावाची खबर बाहेर पोचवायची, हेच काम. चिमूरची बातमी आणि किल्लारीची बातमी, दोन्ही वेळा कोणीतरी सेटसमोर बसलेलं होतं.

आपल्या होस्टेलवर ई अँड टीसीची किती पोरं-पोरी आहेत! प्रोजेक्टला काय घ्यावं म्हणून सरांच्या मागे फिरतो. एक रिसीव्हर बनवा, ७ मेगाहर्ट्झचा, थोडे सुटे भाग आणि वीस मीटर वायर. टेरेसवर परवानगी मिळत नसेल तर रेक्टर सरांना हा लेख वाचायला द्या! संध्याकाळी तो लावा आणि सुई ७.०८ वर आणा. कदाचित कोणी हॅम कोणाला तरी हवामान विचारत असेल, कदाचित नुसती खरखर असेल. जे असेल ते ऐका, आणि बेचाळीस साली इथून कोण बोलत होतं हे शेजारी बसलेल्याला नक्की सांगा.

– एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन